टाचणी कुणाकडे वळली

ही गोष्ट मी बारा वर्षं टाळली. कुणी म्हटलं, "परब, कामावरचं काहीतरी सांगा ना," की मी राक्षसाची गोष्ट सांगायचो. ती चांगली आहे. लोक हसतात, मग चहा येतो, आणि चहा संपेपर्यंत माणसं उठायला लागतात. यंदा या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "काका, नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा. हलकंफुलकं हवं." मी लगेच हो म्हटलं, राक्षसाची गोष्ट लिहून काढली, आणि शेवटचा पूर्णविराम देताना लक्षात आलं, ही अर्धीच आहे. उरलेली अर्धी हलकीफुलकी आहे का, ते तुम्ही ठरवा. मला ती लिहिताना चारपाच वेळा हसू आलं, आणि एकदा वही मिटून गॅलरीत जाऊन उभं राहावं लागलं.

माझं नाव दत्ताराम परब. मुक्काम घाटकोपर. साकीनाक्याच्या एका गल्लीत हवेवर चालणारे सिलिंडर बनवणारी छोटी कंपनी होती, तिथे मी सर्व्हिसला होतो. सिलिंडर म्हटलं की लोकांना स्वयंपाकघरातला आठवतो. माझ्या सासुरवाडीला, मालवणात, मी गॅस एजन्सीत आहे असाच समज होता. लग्नानंतर कितीतरी वर्षं नंबर लवकर लावून द्या म्हणून पत्रं येत.

तर आमचा सिलिंडर म्हणजे हातभर लांबीची धातूची नळी, दोन्ही तोंडं बंद. आत पिस्टन, म्हणजे नळीत घट्ट बसलेली जाडजूड चकती. तिला एक दांडी, ती एका टोकातून बाहेर आलेली. एका बाजूने दाबाची हवा सोडली की दांडी बाहेर येते, दुसऱ्या बाजूने सोडली की आत जाते. सायकलच्या पंपात आपण दांडी ढकलतो आणि हवा निघते. इथे हवा ढकलते आणि दांडी निघते. बसचा दरवाजा फुस्स करून उघडतो ना, ते फुस्स आमचं.

आता गंमत अशी की नळी बंद. पिस्टन आत कुठे आहे, हे मशीनला कळणार कसं? तो वर पोचला हे कळल्याशिवाय पुढचं काम सुरू करता येत नाही. नळीला भोक पाडून बघायची सोय नाही, हवा निघून जाईल. म्हणून पिस्टनच्या कमरेला चुंबकाची एक कडी घालतात. लहान मुलीच्या बांगडीएवढी, काळी, जाड. आणि नळीच्या बाहेर, हवा त्या जागी, बोटाच्या पेराएवढा सेन्सर बसवतात. त्याच्या पोटात काचेच्या नळीत दोन बारीक पत्र्या असतात, एकमेकींपासून केसभर लांब. आतून चुंबक त्या जागी आलं की पत्र्या चिकटतात, वीज वाहते, लाल दिवा लागतो. चुंबक पुढे गेलं की पत्र्या सुटतात, दिवा विझतो. बागेत बसलेली जोडपी वडीलधारं माणूस आलं की सुटतात. आमची जोडी उलटी, कुणी आलं की चिकटते.

हे सगळं चालतं, कारण नळी ॲल्युमिनियमची असते. ॲल्युमिनियमला चुंबकाचं काही पडलेलं नसतं, ते त्याला खुशाल बाहेर जाऊ देतं. लोखंड तसं नाही. घाटकोपरचे एक किरीटभाई पाणीपुरीच्या पुऱ्या लाटायचं मशीन बनवत होते. त्यांनी आमच्याकडून फक्त आतला पिस्टन नेला आणि बाहेरची नळी स्वतः बनवली, चांगली जाडजूड लोखंडी. मग रोज फोन. "परब, तुझा सेन्सर आंधळा हाय!" मी तीन सेन्सर बदलले. चौथ्या दिवशी नळीवर नखाने टकटक केलं आणि आवाजावरून समजलं. "किरीटभाई, ही लोखंडी का?" "तो क्या! मजबूत पाहिजे ना!" मी म्हटलं, "भाई, मजबूत आहे, पण तुमची नळी आतलं चुंबक आतच खाऊन टाकते. बाहेर काही पोचतच नाही." किरीटभाईंनी नळीकडे असं बघितलं, जशी काही ती चोरून पुऱ्या खात होती.

त्या दिवसापासून साकीनाक्यात माझी ख्याती झाली, नळीच्या आतलं दिसणारा परब. ख्याती वाईट. आता राक्षस.

बोरिवलीच्या एका गणेश मंडळाने हलता देखावा केला होता. देवीने त्रिशूळ उगारला की दहा फुटी राक्षस धाडकन आडवा होणार, आडवा झाल्याचा लाल दिवा लागला की मशीन थोडं थांबून त्याला पुन्हा उभं करणार, पुढच्या खेळासाठी. राक्षसाच्या पाठीत आमचा सिलिंडर. दुपारी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "काका, ताबडतोब या. राक्षस मरत नाहीये."

गेलो. बघतो तर खरंच. देवी त्रिशूळ उगारते, राक्षस वीतभर वाकतो, आणि पुन्हा ताठ उभा. पुन्हा त्रिशूळ, पुन्हा वाकणं, पुन्हा ताठ. जणू देवीला नमस्कार करतोय.

अध्यक्ष घामाघूम. "काका, पाचला उद्घाटन आहे. सगळा वॉर्ड येणार. आणि हा असा?"

एक कार्यकर्ता म्हणाला, "यार, गोष्टच बदलू या ना. राक्षस सुधारला, म्हणून सांगू."

"गप रे तू! मागच्या वर्षी उंदराचं डोकं फिरलं तेव्हा पण तू हेच बोलला होतास."

मी दिवा बघितला. राक्षस उभा असतानाही "आडवा झाला"चा दिवा लागलेला. म्हणजे तो वाकायला लागला की मशीनला वाटायचं, झालं, पडला, उठवा आता. सेन्सर ठीक, वायरी ठीक. मग मी खिशातून माझं हत्यार काढलं. दोऱ्याला बांधलेली साधी टाचणी. दोरा हातात धरून टाचणी लोंबकळत ठेवायची आणि हळूहळू फिरायचं. जवळ कुठे चुंबक असेल तर टाचणी तिकडे वळते. ती सेन्सरजवळ नेली, तर टाचणी पिस्टनकडे न जाता राक्षसाच्या मागे निघाली. मागे पडदा. पडद्यामागे सकाळीच आणून ठेवलेला भला मोठा स्पीकर. स्पीकरच्या पोटात हे एवढं चुंबक असतं.

"हा हलवा," मी म्हटलं.

चौघांनी स्पीकर उचलून पलीकडे नेला. देवीने त्रिशूळ उगारला आणि राक्षस असा आदळला की पुढच्या रांगेतल्या बायका ओरडल्या. अध्यक्षांनी मला मिठी मारली. "काका, झकास! तुम्ही नसता तर आज वाट लागली होती." मला स्टेजवर बोलावून नारळ दिला. टाचणीलासुद्धा कुणीतरी हळदकुंकू लावलं.

इथपर्यंत मी नेहमी सांगतो. इथे लोक हसतात.

या गोष्टीतला धडा मी सगळ्यांना शिकवायचो: सेन्सर विचारत नाही, चुंबक कुणाचं. आतल्या पिस्टनचं असो की बाहेरच्या कुणाचं, तो दिवा लावतो. आणि दुसरं, पत्र्या चिकटायला जोराचं चुंबक लागतं, पण एकदा चिकटल्यावर धरून ठेवायला हलकंसं पुरतं. म्हणून दिवा गैरवेळी लागून राहिला की आजूबाजूला परकं चुंबक शोधा. हे मी शिकवायचो. मी.

राक्षसानंतरच्या वर्षीची गोष्ट. कांजूरमार्गला श्रीखंडाचे कप भरायचा एक कारखाना होता. गोल फिरणारं टेबल, त्यावर कप. एका जागी श्रीखंड पडणार, पुढच्या जागी वरून सिलिंडरची दांडी येऊन झाकण दाबणार. दांडी वर गेली की लाल दिवा, दिवा लागला की टेबल एक घर पुढे. दसरा पंधरा दिवसांवर आला होता आणि सिलिंडर हवा गळायला लागला. मी जाऊन तो उघडला, जुना पिस्टन काढून नवा बसवला, चालू करून बघितला आणि आलो. अर्ध्या दिवसाचं काम.

त्या मशीनवर वानखडेबाई होत्या. शकुंतला वानखडे, मूळच्या वाशीमच्या. कप धुण्यापासून सुरुवात करून मशीनपर्यंत पोचलेल्या. तिथे मशीनवर बसणारी पहिली बाई. मशीनचा आवाज जरा बदलला तरी त्या मान न वळवता सांगायच्या, "हवा कमी येऊन राह्यली." आणि खरंच कमी असायची. सुपरवायझर सामंत म्हणायचा, दसऱ्यानंतर पूर्ण लाइन बाईंच्या हाताखाली देणार.

दोन दिवसांनी सामंतचा फोन. "परब, या आणि बघा. श्रीखंड उडतंय."

म्हणजे दांडी झाकण दाबत असतानाच टेबल फिरत होतं. कप फरफटायचा आणि श्रीखंड चहूकडे. मी पोचलो तेव्हा सामंतच्या चष्म्याच्या एका काचेवर केशर होतं, दुसऱ्या काचेवर आम्रखंड. तो तशाच चष्म्याने माझ्याकडे बघत होता आणि मला हसू आवरेना.

मी मशीन चालवलं. तासभर एकदम नीट.

वानखडेबाई म्हणाल्या, "साहेब, सारखं नाही होत. दिवसातून धा-बारा खेपा. दांडी खाली असते तवाबी लाल दिवा लागूनच राह्यते. मी पाह्यलं. अन् तुमी मशीन उघडल्यापासून होऊन राह्यलं."

हे वाक्य नीट वाचा. दोष काय, कधी होतो, कधीपासून होतो. तीस वर्षांत मला एकाही इंजिनिअरने इतकी चोख तक्रार सांगितली नव्हती. आणि मी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. तुमी मशीन उघडल्यापासून. मला ते झोंबलं.

परकं चुंबक, मी मनात म्हटलं. टाचणी काढली. इकडे तिकडे बघतो, तर बाईंच्या मनगटात पितळी रंगाचं एक कडं, त्याच्या दोन टोकांना काळे गोळे. सांधेदुखीवर म्हणून तेव्हा सगळीकडे मिळायचं ते. "बाई, हे काय?"

"मनगट दुखते जी. पोरीनं प्रदर्शनातून आणून देल्लं. चुंबकाचं हाय."

मी सामंतकडे बघितलं. सामंतने माझ्याकडे. मी दोरा धरला, बाईंच्या मनगटाजवळ नेला, आणि टाचणीने अशी उडी मारली की पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला राक्षस आठवला, नारळ आठवला. मी छोटंसं भाषणच ठोकलं. बाई कप सरळ करायला हात पुढे नेतात, कड्यातलं चुंबक सेन्सरला फसवतं, टेबल फिरतं. सामंतने शेजारच्या खात्यातल्या दोघांना बोलावलं आणि मी ते सगळं परत करून दाखवलं. सर्व्हिस रिपोर्टात लिहिलं: ऑपरेटरच्या हातातील चुंबकीय कड्यामुळे बिघाड.

बाईंचा हात सेन्सरपासून निदान दोन फूट लांब असायचा. मध्ये जाळी होती. त्या कड्यातल्या चुंबकाचा जोर चार बोटांपलीकडे जात नाही. हे मला माहीत होतं, पण तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

बाईंनी कडं काढून पर्समध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी श्रीखंड उडालं. पर्स घरी ठेवली, उडालं. बांगड्या काढल्या, उडालं. कारखान्यात मजा सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत कुणी त्यांच्या खांद्याला चमचा चिकटतो का बघायचं. कुणी म्हणायचं, "ए चुंबकबाई, माझी सुई हरवलीय, जरा इकडून चक्कर मार ना." त्याही हसायच्या. "मी काय लोहचुंबक आहो का रे?" पण त्या मशीनपासून जरा जरा लांब उभ्या राहायला लागल्या, हे मला सामंतनेच फोनवर सांगितलं. विनोद म्हणून सांगितलं.

दसऱ्याला चार दिवस राहिले तेव्हा सामंतने त्यांना खोकी घडी करायला बसवलं आणि मशीनवर दुसरा माणूस आणला. मला म्हणाला, "तुम्ही एकदा येऊन सगळं तपासून जा, म्हणजे सणाला निश्चिंत."

मी गेलो. जाळी काढली, सिलिंडरच्या ब्रॅकेटचा नट घट्ट आहे का बघायला हात खाली घातला. ब्रॅकेटच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, बोटांना काहीतरी गोल लागलं. एका जागी कड तुटलेली. मला बघावंही लागलं नाही.

आमच्या लोकांची एक सवय सांगतो. काम करताना स्क्रू, वॉशर, काहीही हरवू नये म्हणून आम्ही मशीनच्या लोखंडाचा कपाटासारखा उपयोग करतो. त्यातून चुंबक हातात आलं तर ते कुठेतरी टप्पकन चिकटवल्याशिवाय चैनच पडत नाही. जुना पिस्टन काढला तेव्हा त्याची कडी, एका जागी कड तुटून, निघून हातात आली होती. हात ग्रीसने भरलेले. मी ती ब्रॅकेटखाली टप्पकन चिकटवली होती, जाताना घेऊ म्हणून. सेन्सरपासून चार बोटांवर. मशीन चाललं की थरथरीने ती जरा पुढे सरकायची, जरा मागे. पुढे आली की पत्र्यांना धरून ठेवायची, दिवा विझायचाच नाही, श्रीखंड उडायचं. मागे गेली की सगळं नीट.

तुमी मशीन उघडल्यापासून.

"काय हो परब, काय सापडलं?" मागून सामंत.

"काही नाही," मी म्हटलं. "जरा ग्रीस जमलं होतं." आणि मूठ खिशात घातली.

त्या क्षणापासून मशीन घड्याळासारखं चाललं. दसऱ्यापर्यंत एक कप वाया गेला नाही. सामंत मोठ्याने म्हणाला, "बघा! बाई हलवली आणि मशीन सुधारलं!" पलीकडे खोक्यांच्या ढिगाआडून वानखडेबाई उठल्या. माझ्यापर्यंत आल्या नाहीत, मशीनपासून लांबच थांबल्या आणि तिथूनच विचारलं, "परबसाहेब, तुमी जाणते. तुमी सांगा. कडं काढलं, बांगड्या काढल्या, तरी होत होतं. मी गेली अन् बंद झालं. असं काऊन?"

कडी माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "मशीनचं असतं असं कधीकधी."

असं काही नसतं. मशीनचं असं कधीच नसतं, हेच तर मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. रिपोर्टातली एक ओळ खोडायची होती, प्रत माझ्याच पिशवीत होती. पण नळीच्या आतलं दिसणाऱ्या परबला स्वतःच्या हाताने चिकटवलेलं दिसलं नाही, हे कोण सांगणार? मी नाही सांगितलं. लाइन दुसऱ्याला मिळाली. वर्षभरात बाईंनी नोकरी सोडल्याचं कळलं.

घरी माझ्या शर्टाचा खिसा तपासताना बायकोला ती कडी मिळाली. "अवो, ह्या काय घेवन इलात? कोणाची बांगडी?" ती म्हणाली आणि हात मागे नेताना कडी फ्रीजला खट्टकन चिकटली. बायको इतकी खूश झाली की काय सांगू. दुकानातली फळाफुलांची चुंबकं एक कागद धरून घसरतात. ही कडी वर्षभराची विजेची बिलं, लग्नपत्रिका आणि नातवाचं वेळापत्रक एकदम धरायची. बायको ती पाहुण्यांना दाखवायची, "ह्यांच्या कंपनीतला आसा. वस्तू बघा काय!" मी पाण्याची बाटली काढायला गेलो की बिलांमागून ती काळी कड दिसायची.

रिटायर झाल्यावर एकदा मी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि भाजी निवडत होती. मग म्हणाली, "मगे जावन तिका सांगा. हय माका सांगान काय होतला?"

जाणार कुठे, पत्ता नव्हता. असं मी स्वतःला सांगत होतो, आणि यंदा श्रावणात वानखडेबाईंचाच फोन आला.

"परबसाहेब? वळखलं का? मी चुंबकबाई!"

हे त्या स्वतः म्हणाल्या, आणि खळखळून हसल्या. मुलुंडला त्यांनी गाळा घेतला होता. ठेचा, चटण्या, लोणची. डब्यांची झाकणं दाबायला जुनं मशीन घेतलं होतं, त्याच्या सिलिंडरवर आमच्या कंपनीचा स्टिकर निघाला, तिथून माझा नंबर. "दिवा लागून नाही राह्यला साहेब. मी म्हटलं, मशीनचा डॉक्टर तं एकच. या."

मी फ्रीजवरून कडी काढली. सगळी बिलं जमिनीवर पडली. कडी शर्टाच्या खिशात टाकली. बायको दारापर्यंत आली. "सांगून येवा. नुसते जेवून येव नकात."

मुलुंडपर्यंत मी वाक्य पाठ करत गेलो.

गाळा छान. चार बायका कामाला, हवेत मिरचीचा ठसका, मशीन मधोमध. आणि मशीनभोवती जमिनीवर पिवळ्या रंगाने आखलेला चौकोन. वानखडेबाई चौकोनाबाहेर उभ्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळेतल्या मुलीसारख्या. केस पिकलेले, आवाज तोच.

"मी अशी लांबूनच चालवते," त्या म्हणाल्या. "माह्या हाताला मशीन मानवत नाही ना जी. तुमीच शोधून काढलं. पाच वर्सं झाली, स्वतःच्या मशीनले बोट नाही लावलं. आवाजावरून सांगते या पोरींना."

मी मशीनजवळ जाऊन बसलो. सेन्सरचा स्क्रू ढिला होऊन तो नळीवरून खाली घसरला होता, एवढंच. नखाने वर सरकवला, स्क्रू आवळला, दिवा लागला. चौघी बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा टाळ्या.

"बाई," मी उठून म्हणालो, "त्या वेळी कांजूरला जे झालं ना..."

"अगं पोरींनो, इकडं या!" त्यांनी सगळ्यांना बोलावलं. "साहेब तेच सांगून राह्यले. यांनी टाचणीनं मले पकडलं होतं. साहेब, ती टाचणी हाय का अजून? दाखवा ना यायले. कडं बिडं काही नाही घातलं, तरी वळते का पाहू अंगाकडं."

टाचणी होती. पाकिटात असतेच. मी दोरा धरला. बाईंनी पिवळ्या रेषेबाहेरून हात पुढे केला, डोळे मिटून, इंजेक्शन घ्यावं तसा. मी दोरा छातीशी धरून पुढे वाकलो आणि टाचणी त्यांच्या मनगटाजवळ नेली.

टाचणी थोडी थरथरली, सावकाश उलटी वळली, आणि सरळ माझ्या छातीकडे रोख धरून तिरकी लोंबकळत राहिली.

मग एकीने किंचाळून हसायला सुरुवात केली. "अय्या, साहेबांच्याच अंगात चुंबक!"

मग सगळ्याच. बाईंना इतकं हसू आलं की त्यांनी पदर तोंडात धरला, भिंतीला टेकल्या. "घ्या! चोर सापडला! साहेब, तुमीच का वो ते?"

तुमीच का वो ते. आयुष्यात याहून सोपा प्रश्न मला कुणी विचारला नाही. फक्त हो म्हणायचं होतं. मी हसलो. देवाशप्पथ, मलाही खरंच हसू आलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, आणि त्या पाण्याचं कारण कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मी खिशातून कडी काढून दाखवली.

"मायबाई, केवढं हे! काय कामाचं हाय?"

"जुनं आहे," मी म्हटलं. "एका मशीनमधलं."

"मले द्या ना मग. ऑर्डरीचे कागद उडून राह्यले." त्यांनी ती घेतली आणि लोखंडी कपाटाला खट्टकन लावली, खाली ऑर्डरींचा गठ्ठा. मग मला भाकरी, ठेचा, पिठलं वाढलं. ठेचा फर्स्टक्लास होता. निघताना त्या म्हणाल्या, "साहेब, एक सांगते. तुमी तवा कारण शोधलं, म्हणून बरं झालं. नाहीतर मी जनमभर सामंतसाहेबावर राग धरला असता. चूक आपलीच हाय म्हटल्यावर माणूस शांत होते."

घरी बायकोने दार उघडलं, माझा रिकामा खिसा बघितला आणि विचारलं, "सांगलात?" मी म्हटलं, "चुंबक देऊन आलो." बिलं आता डब्यात असतात.

नंतर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा पलीकडून, "बोला साहेब, मशीन एकदम झकास!" आणि मी ठेच्याची चौकशी करून फोन ठेवला. त्यांची मुलगी दरवर्षी हा अंक घेते, असं जेवताना बोलण्यात आलं होतं. म्हणून मुलुंडपर्यंत पाठ केलेलं, जसंच्या तसं इथे लिहितो.

वानखडेबाई, तुमच्या हातात काही नव्हतं. कड्यात नव्हतं, बांगड्यांत नव्हतं, अंगात तर नव्हतंच. तुमच्या कपाटावर ऑर्डरी धरून बसलेली जी काळी कडी आहे, ती मीच त्या ब्रॅकेटखाली चिकटवून विसरलो होतो, आणि सापडल्यावर खिशात घातली. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं ते अक्षरन् अक्षर खरं होतं. चुकलं माझं. मला माफ करा, आणि ती पिवळी रेष ओलांडून आत या. मशीन तुमचं आहे. हात लावा.